कव्हर वॉटरप्रूफ, तरी गाडी ओली : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका बुलेटचं प्रकरण

ऑक्टोबर 2023 मध्ये काकू माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत मोटरसायकलचं कव्हर होतं. नीट घडी घातलेलं आणि आतून ओलं. पाऊस थांबून दहा दिवस झाले होते.

"वॉटरप्रूफ आहे म्हणून घेतलं भाऊ, मग आत पाणी येतं कुठून?"

माझं काम सीटकव्हर, तिरपाल आणि कुलरची झाकणं शिवण्याचं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात या कामाला तोटा नाही. हा प्रश्न मला याआधीही खूप जणांनी विचारला होता. बहुतेक वेळा मी शिवण उसवली असेल म्हणून आतून टेप मारून द्यायचो आणि विषय संपायचा. त्या दिवशी मी कव्हर उलटं करून उजेडात धरलं. शिवण शाबूत होती, कुठे भोक नव्हतं, आणि थेंब होते ते छतावर, म्हणजे टँकच्या वर येतो त्या भागात, आतल्या बाजूने. बाहेरून पाणी झिरपलं असतं तर ते शिवणीखाली ओघळलेलं दिसलं असतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसं हे होतं.

गाडी बघितल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही, म्हणून संध्याकाळी दुकान बंद करून दौलतगंजात त्यांच्या वाड्यावर गेलो.

गाडी आणि जागा

वाडा जुना. दिंडीतून आत गेलं की उघडा चौक, चौकाच्या कडेला कडुनिंब, आणि तीन पायऱ्या चढून ओसरी. बुलेटसारखी जड गाडी त्या पायऱ्या चढवणं काकांनाही जमायचं नाही, त्यामुळे ती पहिल्यापासून चौकातच राहिली. काकांनी ती ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेतली होती. काका गेले. मुलगी भोपाळला बँकेत आहे, दुसऱ्या-चौथ्या शनिवारला जोडून जमेल तशी येते. ती आली की गाडी फिरते, नाहीतर शेजारचा मुलगा एखाद्या रविवारी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणतो. गाडी विकायची नाही, हे दोघींचं पक्कं ठरलेलं आहे. याचं कारण मी विचारलं नाही.

मला दिसलं ते असं. चौकातली फर्शी इथल्याच दगडाची, सांध्यांमध्ये माती. गाडीखालची दोन पाट्यं, म्हणजे दगडी लाद्या, खचलेली, तिथे ओल धरून शेवाळ आलेलं. साइड स्टँडच्या टोकाने मातीत खळगा केलेला. पुढच्या चाकाच्या स्पोकांना रिमजवळ, निपलपाशी, तांबूस गंज. इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर पांढरी भुकटी, बोटाने पुसली की निघणारी. चेन तपकिरी. टँकवर मात्र वेगळंच काही होतं. मी मोबाइलचा उजेड आडवा पाडून बघितलं. टँकच्या दोन्ही खांद्यांवर बारीक चरे, सगळे एकाच दिशेने वळलेले, चंद्रकोरीसारखे. त्यांच्यावर बोट फिरवलं तर काहीच लागत नव्हतं, डोळ्यालाच दिसत होते. ते कव्हराने केले होते.

उजव्या बाजूला सायलेन्सरवर रुपयाएवढा काळा डाग होता. वितळलेलं प्लॅस्टिक.

एकाच गाडीवर गंज, चरे आणि भाजल्याची खूण. तिन्हीची कारणं निराळी, पण मूळ जुन्या कव्हरांतच होतं.

आधीची तीन

काकूंनी ओसरीवरच्या फडताळातून ती सगळी काढून दाखवली. जुनं कव्हर टाकून न देणारी माणसं मला फार आवडतात. फाटलेल्या कापडावरून जे कळतं ते दुकानदाराच्या बोलण्यावरून कळत नाही.

पहिली निळी ताडपत्री, काकांच्या वेळची. तिच्यात पाण्याचा थेंब शिरत नाही आणि हवाही शिरत नाही. ती ताठ असते, गाडीच्या अंगाला बसत नाही, आणि बांधायला कडेला धातूच्या चकत्या असतात. वारा आला की त्या चकत्या मडगार्डवर आपटतात. मागच्या मडगार्डवर त्यांच्या टोच्यांची ओळ अजून आहे.

दुसरं बाड्यावरच्या बाजारातून घेतलेलं चंदेरी, तयार मिळतं ते. पाकिटावर 190 टी असं छापलेलं. या आकड्याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे, म्हणून सांगतो. ती कापडाची जाडी नव्हे. एका इंचात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत, तो हा आकडा. धागा किती जाड आहे ते डेनियरवरून कळतं: 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 190 टीचं कापड बहुधा छत्रीच्या कापडासारखं पातळ असतं. मे महिन्यात आपल्याकडे आंधी येते तेव्हा असं कव्हर शिडासारखं फुगतं आणि फडफडतं. त्यात आत धूळ. ग्वाल्हेरची धूळ ही दगडाची धूळ आहे, वाळूच्या दगडाची, म्हणजे बरीचशी गारगोटीच. ती गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असते. कापड आणि टँक यांच्यामध्ये ती अडकली आणि वाऱ्याने कापड हलत राहिलं की पॉलिश पेपर घासल्यासारखंच होतं. चंद्रकोरी चरे आले ते इथून. कव्हराची चंदेरी बाजू मी अंगठ्याने चोळली तर भुकटी हाताला आली. उन्हाने लेप सुटला होता.

तिसरं, काकू घेऊन आल्या होत्या ते. जाड, पीव्हीसीचं, रेक्झिनसारखं. आधीचं पातळ फाटलं म्हणून मुलीने मुद्दाम भारीतलं आणलं. मुलगी एका रविवारी गाडी फिरवून आली, तिकडे ढग दाटले होते, म्हणून घाईने कव्हर टाकलं. नुकत्या बंद केलेल्या गाडीचा सायलेन्सर 200 अंशांच्या वरही असू शकतो, आणि पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. काळा डाग तो. गंजही मुख्यतः याच कव्हराखाली वाढला, हे तिथे कुणालाच पटेना. कारण तिन्हींतलं सर्वांत महाग आणि सर्वांत पक्कं हेच होतं.

मिठाची वाटी

पटवून देण्यापेक्षा दाखवणं बरं, म्हणून दुसऱ्या दिवशी एक साधा प्रयोग केला. काकूंकडून दोन वाट्या कोरडं मीठ घेतलं. एक वाटी कव्हराखाली विटेवर, गाडीपासून हातभर लांब, आणि एक बाहेर ओसरीच्या कठड्यावर सावलीत. गाडीच्या अगदी जवळ मीठ ठेवू नये, सांडलं तर तेच लोखंड खातं. मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून ओलं होतं, आणि लोखंडही याच सुमाराला झपाट्याने गंजायला लागतं. त्यामुळे ही वाटी गंजाचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज देते.

वाट्या भर दुपारी ठेवल्या. दिवेलागणीला बघितलं तर कठड्यावरचं मीठ चमच्याने झरझर पडत होतं. कव्हराखालच्या वाटीत ढेकूळ झालं होतं आणि कडेला पाणी सुटलं होतं. त्या दिवशी आकाशात ढग नव्हता.

काकू वाटी हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही ओल खालून येतेय."

हो, खालूनच. दिवसा कव्हर तापतं, त्याखालची फर्शी आणि सांध्यांतली माती वाफ सोडते. घेर जमिनीला टेकलेला, वर कुठे वाट नाही, त्यामुळे वाफ आतच कोंडते. सूर्य गेला की मोकळ्या आकाशाखाली कापड सगळ्यात आधी गार होतं आणि आतल्या बाजूला थेंब धरतात. ते टँकवर, सीटवर, स्पोकांवर टपकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा वाफ. पाऊस संपला तरी हे आठवडेच्या आठवडे चालू राहतं. ग्वाल्हेरला वर्षातले जेमतेम तीन महिने पावसाचे. पुढे ऊन, धूळ, आणि डिसेंबर-जानेवारीतलं धुकं. कव्हर घेताना मात्र आपण फक्त त्या तीन महिन्यांचा विचार करतो. पाऊस आत येऊ नये ही काळजी बरोबरच आहे, पण आतली ओल बाहेर कशी जाणार हेही तितकंच विचारायला हवं. माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी ते कुणीही विचारत नाही.

आधी जमीन

कव्हर शिवायच्या आधी मी गवंडी बोलावला. काकूंना वाटलं मी भलतंच काम काढतोय. खचलेली दोन पाट्यं उचलली, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यावर वाळू, आणि पाट्यं पुन्हा बसवून सांधे सिमेंटने भरले. चौकाच्या मोरीकडे थोडा उतार दिला. प्लॅस्टिकमुळे मातीची ओल वर चढायची थांबली. गाडी आता साइड स्टँडवर न ठेवता मेन स्टँडवर, स्टँडखाली सागवानी फळी. अर्ध्या दिवसाचं काम होतं. माझ्या मते या प्रकरणात गाडीचा निम्मा बचाव या अर्ध्या दिवसात झाला.

कापड

दुकानात चार तुकडे कापून काकूंसमोर ठेवले. कापड श्वास घेतं की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. उकळत्या चहाच्या कपावर तुकडा ताणून धरायचा आणि त्यावर गार स्टीलची ताटली पालथी घालायची. ताटलीवर धुरकट वाफ धरली तर कापडातून वाफ जाते. पाणी अडतं का ते बघायला त्याच तुकड्याची खोलगट झोळी करून बादलीच्या तोंडावर बांधायची, तांब्याभर पाणी ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं.

सुती कॅनव्हास मला मनापासून आवडतं. ओलं झालं की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात, सुकलं की पुन्हा वाफ जाऊ देतं. पण भिजलेलं कॅनव्हास काकूंना उचलवणार नाही, आणि चार दिवस झड लागली तर त्याला बुरशी येते. न विणलेलं, खरेदीच्या पिशव्यांसारखं कापड स्वस्त, वाफही जाते, पण साधा माल उन्हात एक उन्हाळासुद्धा काढत नाही, हातात चुरा होतो. नायलॉन उन्हाला पॉलिस्टरपेक्षा कच्चं. राहिलं 300 डेनियरचं पॉलिस्टर, आतून पाणी अडवणारा लेप असलेलं. त्याने बादलीत एक थेंब पडू दिला नाही, आणि ताटलीही कोरडी ठेवली. म्हणजे अर्धी अडचण तशीच.

इथे काकूंनी एक गोष्ट विचारली आणि सगळं जुळलं. त्यांच्या वाड्याच्या स्वयंपाकघरात वर झरोका आहे. "धूर जायला वर भोक असतं, तसं याला का नाही ठेवत?"

मग कव्हर दोन कापडांचं केलं. वरचं छप्पर, हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत आणि सीटच्या वीतभर खालपर्यंत, लेपाचं 300 डेनियर. रंग फिका राखाडी, गडद कापड उन्हात जास्त तापतं. त्याखालची झालर बिनलेपाच्या जाड पॉलिस्टरची, पावसाचे तिरपे शिंतोडे बऱ्यापैकी अडवते आणि वाफ जाऊ देते. झालर जमिनीपासून चार बोटं वर. पुढे आरशांच्या खाली दोन आणि मागे एक असे तीन झरोके, आतून जाळी, बाहेरून खिशाच्या पाळीसारखं झाकण. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर.

शिवणीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझा हात तिथे चालतो. तयार कव्हरांत मधली शिवण बरोबर सीट आणि टँकच्या वरून जाते, कारण दोन सारखे अर्धे कापून जोडणं सोपं. पाणी नेमकं तिथेच साचतं, आणि सुईचं प्रत्येक टोचणं म्हणजे एक भोक. पाकिटावर पाणी झेलण्याचा जो आकडा असतो तो कापडाचा, शिवणीचा नव्हे. मी वरचा पट्टा एकसंध कापला आणि शिवणी दोन्ही बाजूंना उतारावर आणल्या, छपराच्या कौलासारखा वरचा काठ खालच्यावर चढवून. आतून टेप. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा उन्हा-पावसात कुजतो आणि कापड चांगलं असताना कव्हर उसवतं. घेराला इलॅस्टिक लावलं नाही. आपल्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, इलॅस्टिक लवकरच ढिलं पडून लोंबतं. त्याजागी नाडी घातली. नाडी दहा रुपयांत बदलता येते.

टँकवर मऊ अस्तर हवं म्हणून आतून फ्लॅनेल लावलं. ही चूक होती, तिच्याकडे येतोच.

कोण घालणार

कव्हर तयार झालं तेव्हा मी शेजारच्या मुलाला न बोलावता काकूंनाच घालायला सांगितलं. बासष्ट वर्षांचं वय, गुडघे दुखतात. पहिल्यांदा त्यांनी उलटं घातलं, शेपटीकडचा भाग हँडलवर. मग पुढच्या टोकाला आतून-बाहेरून लाल फीत शिवली, म्हणजे हातात आली की पुढची बाजू कळते. गाडीच्या पोटाखालून जाणारा पट्टा वारं अडवायला लागतोच, पण त्यासाठी वाकणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी ओसरीवरून फुलं काढायची आकडी आणली, तिने पट्ट्याचं टोक खालून ओढून घेतलं आणि बकल उभ्यानेच लावलं. ते बकल मी फुटरेस्टच्या उंचीवर, रंगापासून दूर आणलं, आणि पत्र्याऐवजी प्लॅस्टिकचं घेतलं.

ही गोष्ट मला कापडापेक्षा महत्त्वाची वाटते. बाहेर उभ्या गाडीचं कव्हर आठवड्यातून एकदा तरी निघालं पाहिजे. गाडीला आणि कव्हरालाही हवा लागते. जे कव्हर काढायचा कंटाळा येतो ते महिनोन्महिने तसंच राहतं, आणि खाली काय चाललंय ते कुणी बघत नाही. तिसरं कव्हर इतकं जड होतं की अख्ख्या पावसाळ्यात ते दोनदा काढलं गेलं होतं.

सायलेन्सरसाठी काकूंना एकच सांगितलं. तवा तापला का ते बघायला जसं पाणी शिंपडतो, तसं बोटांनी दोन थेंब उडवायचे. चुर्र झालं तर थांबायचं. थेंब तसाच ओघळला तरी आणखी अर्धा तास जाऊ द्यायचा. आणि धुळीच्या दिवसांत आधी गाडीवर पाणी मारून, पुसून, सुकवून मगच कव्हर.

कापड, जाळी, पट्टे आणि शिलाई मिळून 1,850 रुपये झाले. फर्शीचे वेगळे.

पुढे काय झालं

जानेवारीच्या धुक्यात मी दोनदा जाऊन बघितलं. कव्हर बाहेरून दवाने चिंब. आत छपराला थोडं दव होतं, ते दहापर्यंत सुकायचं. नवा गंज नाही. मे 2024 मध्ये आंध्या आल्या, पट्ट्यामुळे कव्हर जागचं हललं नाही.

फ्लॅनेलची चूक श्रावणात कळली. काकूंचा फोन आला, की टँक ओला लागतो. झरोक्यातून तिरपा पाऊस थोडासा आत आला होता. तेवढं पाणी एरवी तासाभरात उडून गेलं असतं, पण फ्लॅनेलने ते पिऊन धरलं आणि दोन दिवस टँकला चिकटून राहिलं. टँकच्या झाकणाभोवती, रंग उडालेल्या कडेला, पहिला तांबडा ठिपका दिसला. अस्तर मऊ असावं एवढाच विचार मी केला होता, ते पाणी किती धरेल हा केलाच नव्हता. फ्लॅनेल उसवून काढलं, गुळगुळीत पातळ पॉलिस्टरचं लायनिंग लावलं, आणि पुढच्या झरोक्यांच्या पाळ्या दोन बोटं लांब केल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत. ठिपका घासून तिथे रंगाचा हात दिला.

ऑक्टोबरात पुन्हा मिठाच्या वाट्या ठेवल्या. काकूंनीच ठेवल्या, मला बोलावलं ते संध्याकाळी. दोन्ही वाट्यांतलं मीठ मोकळं होतं. कव्हराखालचं जरासं जड पडत होतं, एवढंच.

लेपाचं कापड कायमचं नसतं. दोन-तीन पावसाळ्यांनंतर आतला लेप चिकट व्हायला लागतो आणि पापुद्रे सुटतात, ओलं कव्हर गुंडाळून ठेवलं तर त्याहून लवकर. म्हणून काकू ते दोरीवर उलटं वाळवतात. साबण लावत नाहीत, नुसतं पाणी. निंबोळ्या पडायच्या दिवसांत त्यांचे डाग आणि पक्ष्यांची घाण त्याच दिवशी धुतात. पक्ष्यांची विष्ठा कापडावरचा लेप आणि गाडीचा रंग दोन्ही खाते.

टँकवरचे चरे राहिले. मुलीला मी टँक बफ करून आणायला सुचवलं होतं. ती म्हणाली, बाबांच्या हाताखालचा रंग आहे, असू दे.

माकडांवर मात्र माझ्याकडे कापडात उत्तर नाही. मागच्या आठवड्यात निंबावरून उतरून एकाने मागच्या झरोक्याची पाळी ओढून फाडली. जाळी शाबूत आहे. रविवारी जाऊन नवी पाळी लावायची आहे, आणि या वेळी ती शिवणीत घेऊन दुहेरी टीप मारणार आहे. नाडीही बदलायला झाली आहे, ती बरोबर नेतो.